उधारीची वही

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक गाव, जुलै महिना, कौलांवरून पाण्याच्या धारा, बंद पडलेलं किराणा दुकान)

हे आमच्या आज्जाचं दुकान. बंद होऊन बरीच वर्षं झाली, फळ्या तेवढ्या शाबूत आहेत बघा. तेल, गूळ, चहापूड, रॉकेल, सगळं इथं मिळायचं, आणि निम्म्याच्या वर माल उधारीवर जायचा, कारण गावात पैसा यायचा तो भाताची सुगी झाल्यावरच, म्हणून वर्षभर लाल कापडाच्या वहीत प्रत्येक घराचं एक पान असायचं आणि मळणी आटपली की एकेक जण येऊन आपला हिशोब मिटवून जायचा. मी लहान असताना ती वही उघडून वाचत बसायचो. कुणाच्या पानावर चार ओळी, कुणाचं पान भरून मागच्या बाजूला गेलेलं.

पुढं शिकायला बेळगावात आलो. कॅम्पात एका मित्राच्या घरी रोजचं जाणं-येणं होतं, ते लोक ख्रिश्चन, घरात बोलणं मराठीच. संध्याकाळ झाली की त्याची आई, आम्ही आंटी म्हणायचो, सगळ्यांना चटईवर बसवून प्रार्थना म्हणायच्या, आणि त्यात एक ओळ यायची. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." मी दुकानदाराचा नातू, मला वाटलं ही उधारीचीच भानगड आहे. मी विचारलं, आंटी तुमचं पण दुकान आहे काय? त्या म्हणाल्या, "दुकान नाही रे, पण देणं आहे की सगळ्यांचं."

ते वाक्य डोक्यातनं कधी गेलं नाही. हा व्हिडिओ त्या एका ओळीवरनंच सुचलाय.

(दृश्य: कॅम्प, सकाळ, फातिमा कॅथेड्रलची घंटा, झाडांखालचा रस्ता)

बेळगावात ख्रिस्ती धर्म काही काल-परवा आलेला नाही. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथं १८२० ला सुरू झालं, सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं, कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ ला झाला. आमच्या भागात कुणी प्रार्थना मराठीत म्हणतं, कुणी कोंकणीत, कुणी कन्नडमध्ये, इंग्लिशमध्ये. पण मला मराठीतलं ते 'ऋण' फार जवळचं वाटतंय आणि त्याला कारण आहे.

येशू जी भाषा बोलायचा ती आरामाईक, आणि तिच्यात 'होबा' असा एक शब्द आहे, कर्जालाही तोच आणि पापालाही तोच. आंटी म्हणायच्या ती प्रार्थना येशूनंच शिकवलेली. मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, ती ग्रीकमध्ये उतरली तेव्हा तिथंही 'देणं' हाच अर्थ राहिला, दुसरं चरित्र लिहिणाऱ्या लूकनं मात्र तिथं 'पाप' लिहिलं. आणि 'क्षमा कर' साठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ सोडणं, जाऊ देणं. येशूचा शिष्य पेत्र आणि त्याचा भाऊ आंद्रिया मासे धरायची जाळी सोडून येशूच्या मागं गेले असं जिथं लिहिलंय तिथं हेच क्रियापद आहे. म्हणजे हातात घट्ट धरलेलं काहीतरी सोडायचं. आमचं मराठी 'सोड' तिथं किती चपखल बसलंय बघा.

आता 'दया' घ्या. बायबलच्या जुन्या करारातल्या हिब्रूत दयेसाठी जो एक शब्द येतो, 'रहमीम', त्याचं नातं 'रेहेम' या शब्दाशी आहे आणि रेहेम म्हणजे आईचं गर्भाशय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची आज्जी आठवली, देवापुढं हात जोडून म्हणायची, चुकलं-माकलं पोटात घाल. तिनं बायबल कधी हातात घेतलं नव्हतं, हिब्रूचं तर नाव पण ऐकलं नसणार, तरी शब्द मात्र पोटाचाच.

पण या सगळ्यात मला जास्त विचार करायला लावला तो एका हिशोबानं. पेत्र येशूला विचारतो, माझ्या भावानं माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? पेत्राला वाटलं असणार आपण मोठ्ठा आकडा सांगितला. येशू म्हणतो, सात नव्हे, सत्तर वेळा सात. आणि लगेच एक गोष्ट सांगतो. एका राजाच्या चाकरावर दहा हजार तालांतांचं कर्ज होतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार करा, ६ कोटी दिवसांची मजुरी झाली, एकही सुट्टी न घेता राबला तरी १ लाख ६४ हजार वर्षं. तो पाया पडतो, थोडं थांबा सगळं फेडतो म्हणतो, जे शक्यच नाही, आणि राजाला त्याची कीव येते आणि राजा सगळं सोडून देतो. तो बाहेर पडतो, त्याला त्याच्याबरोबर काम करणारा एक जण भेटतो जो त्याचे १०० दिनार देणं लागतो, आणि हा त्याचा गळा धरतो. तो बिचारा तेच शब्द बोलतो, थोडं थांब फेडतो, तरी हा त्याला तुरुंगात टाकतो.

बरेच जण ही गोष्ट सांगताना ते १०० दिनार अगदी चिल्लर असल्यासारखे सांगतात. मला ते पटत नाही. १०० दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांच्या वर, रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला विचारा ती किती असते ते. येशू असं म्हणतच नाही की तुझं कुणी केलेलं नुकसान बारीक आहे, विसरून जा. नुकसान खरं आहे, आकड्यासकट सांगितलंय. आणि राजानं जे सोडलं ते काय हवेत गेलं काय? ते राजाच्याच खजिन्यातनं गेलं. कर्ज सोडलं की कुणीतरी ते अंगावर घेतलेलं असतंय, आणि घेणारा सोडणाराच असतोय.

(दृश्य: उसाचा मळा, दोन शेतांच्या मधला बांध)

लूकच्या १५ व्या अध्यायातली उधळ्या पोराची गोष्ट आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला लागत नाही, कारण तिची सुरुवातच वाटणीनं होते. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो, घेतो, परमुलखात उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग परत येतो. बाप लांबूनच बघतो आणि पळत सुटतो. वयस्कर, इज्जतीचा माणूस सगळ्या गावादेखत पळतोय. मेजवानीला पोसलेलं वासरू कापतात, आणि थोरला शेतातनं येतो तो गाणं-बजावणं ऐकून दाराबाहेरच थांबतो. आत येत नाही म्हणतो.

आपण थोरल्याला लगेच वाईट ठरवतो. पण वाटणी झाली होती की, धाकटा त्याचं घेऊन गेला होता, बापच म्हणतो, बाळा माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. मग ते वासरू कुणाच्या वाट्यातलं होतं? बापाच्या क्षमेचा भार थोरल्यावर पण पडत होता, आणि ज्या घरात बांधावरनं दोन भाऊ वीस-वीस वर्षं बोलत नाहीत त्या घरात जाऊन बघा, तो भार किती जड असतोय ते कळेल. येशू ती गोष्ट तिथंच सोडतो. बाप बाहेर येऊन समजावतोय, थोरला उभा आहे, आत गेला की नाही ते सांगितलेलं नाही.

(दृश्य: हिंडलगा रस्ता, जेलची भिंत लांबून)

हिंडलगा म्हटलं की आमच्याकडं आधी जेलच डोळ्यापुढं येतंय. म्हणून इथं एक खरी घटना सांगतो, इथली नाही, मध्य प्रदेशातली. सिस्टर राणी मारिया, मूळची केरळची, इंदूरच्या बाजूला गरीब आदिवासींमध्ये काम करायची, सावकारांच्या कर्जातनं त्यांना बाहेर काढायची. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधनं प्रवास करताना तिला भोसकून मारलं. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. २००२ च्या राखीपौर्णिमेला तिची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, जेलमध्ये गेली आणि त्या माणसाच्या हाताला राखी बांधली. पुढं त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनी सह्या दिल्या, २००६ ला तो सुटला. २०१७ ला चर्चनं राणी मारियाला 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

कोर्टानं आपलं काम केलं होतं, तो माणूस अकरा वर्षं आत होता. राखीनं ती शिक्षा पुसली नाही. हे मी मुद्दाम बोलतोय, कारण क्षमेच्या नावाखाली मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरी पाठवणारे लोक मी बघितलेत आणि मला त्याचा राग येतो. लूकमध्येच आहे, भावानं अपराध केला तर आधी त्याला दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. चुकीला चूक म्हणायचं त्यात पहिलं येतंय. पण मग क्रुसावर काय झालं हा प्रश्न मला अजून पडतो, कारण तिथं कुणीच पश्चात्ताप केला नव्हता, खाली शिपाई येशूचे कपडे वाटून घेत होते, तरी तो म्हणाला, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." हे मी नुसतं वाचू शकतो, समजलंय असं म्हणण्याची माझी हिंमत नाही.

(दृश्य: परत दुकान, आतली रिकामी फळी, गळणाऱ्या जागेखाली एक घमेलं)

वहीतलं एक पान आज्जानं फाडलं होतं. गावातल्याच एका माणसाचं, दोन सुग्या लागोपाठ गेल्या, घरात आजारपण, देणं एवढं झालेलं की तो फेडणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. आज्जानं त्याच्यासमोर पान फाडलं, एवढंच. त्या वर्षी दुकानाची कौलं बदलायची ठरली होती ती राहिली, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, आज्जी अख्खा पावसाळा गळक्या जागी घमेली सरकवत फिरली. ती बोलली काहीच नाही, पण भांडी जोरात ठेवायची.

तो माणूस त्यानंतर दुकानाकडं फिरकलाच नाही. लाज वाटत असणार. मीठ आणायला पण पलीकडच्या गावी जायचा, चिखलातनं. आज्जा कधी कधी वाटेकडं बघत बसायचा.

मग एका गणपतीच्या आधी तो आला. अर्धा किलो गूळ मागितला आणि पैसे आधीच फळीवर ठेवले. आज्जानं गूळ तोलला, वर एक खडा जास्तीचा टाकला. आत आज्जीनं चहाचं आधण ठेवलं होतं, तिनं त्यात आणखी एक कप पाणी ओतलं.