गंजलेल्या कास्टिंगची किंमत काय?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय व्हॅल्युएशनवाल्यांबद्दल, म्हणजे कंपन्यांची किंमत काढणारी जी पोरं असतात ना त्यांच्याबद्दल. आपल्या नाशिकची बरीच पोरं मुंबई-पुण्यात हेच करतायत, कुणी ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या शेअर्सच्या हक्काची व्हॅल्यू काढतंय, कुणी गुडविलची इम्पेअरमेंट टेस्ट करतंय, म्हणजे कंपनी विकत घेताना नावापोटी जादा मोजलेल्या पैशांची किंमत अजून टिकून आहे का ते तपासतंय, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे येणारे पैसे आजच्या किमतीत मोजायचा दर, साडेबारा टक्के धरायचा की तेरा यावर ऑडिटरशी हुज्जत. पाच-सहा वर्षं झाली की वाटायला लागतं, आपल्याला दुसरं काही येतच नाही. एचआरवाले पण वर तेच ऐकवतात, प्रोफाइल फार स्पेशलाइज्ड आहे म्हणून.

तर माझ्या मावसभावाचं काय झालं ते सांगते. घरात आता हा किस्सा कुणी ऐकून घेत नाही, मी सुरू केला की उठून जातात, म्हणून तुमच्या वाट्याला.

हा मुंबईत बीकेसीत हेच व्हॅल्युएशनचं काम करत होता, काकांचे गुडघे गेले तसं नाशिकला यायचं ठरवलं. सातपूर एमआयडीसीत एका ऑटो पार्टवाल्यांकडे फायनान्स मॅनेजरचा इंटरव्ह्यू. सकाळी जाताना मिसळ खाल्ली त्याने, आणि हो, मिसळीबरोबर गुलाबजाम द्यायचं हे जे नवीन फॅड निघालंय ना ते मला अजिबात पटत नाही, पण असो. मालक साठीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक सहा इंची स्टीलची पट्टी. रेझ्युमे बघून म्हणाले, "हे टर्मिनल व्हॅल्यू काय असतं रे?" याने सांगितलं, पाच वर्षांचा अंदाज मांडतो आणि त्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांची मिळून एक किंमत धरतो. मालक म्हणाले, "मला येत्या सात तारखेला पगार कुठून करायचा ते कळत नाही आणि तू कायमचं काढतोस होय?"

मग उठले आणि याला शेडच्या मागे घेऊन गेले. तिथे कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडी पार्टचा ढीग, गंजून तांबडा झालेला, वर ऑइल पेंटने तारखा टाकलेल्या, मधून गवत उगवलेलं. "याची किंमत सांग."

आता दुसरा कुणी असता तर भंगाराचा किलोचा भाव सांगून मोकळा झाला असता. याने आकडा सांगितलाच नाही. कधीपासून पडलंय, कुणासाठी बनवलं, हेच विचारत बसला. स्टोअरवाले म्हणाले, गिऱ्हाईकाने गाडीचं ते मॉडेल बंद केलं. मग याचा पुढचा प्रश्न, "शेड्यूल मेलवर आलं होतं का तोंडी?" शेड्यूल म्हणजे किती माल कधी द्यायचा ही गिऱ्हाईकाची मागणी. मेलवर आलं होतं, फाइलला प्रिंट लावलेली. "मग साहेब भंगारात कशाला घालताय, त्यांच्याच शेड्यूलवर बनवलंय, त्यांच्याकडे क्लेम लावा की!" इतकी वर्षं ऑडिटमध्ये 'नॉन-मूव्हिंग स्टॉक' लिहून सगळे पुढे जात होते. मालकांनी तिथूनच चहा सांगितला आणि जॉइन कधी होतोस विचारलं. क्लेमचे पूर्ण पैसे नाही आले, गिऱ्हाईकाने घासाघीस केली, पण बऱ्यापैकी आले.

बघा, याने तिथे केलं तेच जे बीकेसीत करत होता. पैसा कुठून येणार, कधी येणार, आणि येईलच कशावरून. परत सांगते, कुठून, कधी, कशावरून. बँकेच्या क्रेडिटला हेच विचारतात, कंपनीच्या बजेटिंगला हेच, कुणी दुसरी कंपनी विकत घेत असेल तर तिथेही हेच. म्हणून रेझ्युमेत व्हॅल्युएशनची किती एक्सेल मॉडेलं बनवली ते लिहू नका, तुमच्या आकड्यावरून कुणी काय ठरवलं ते लिहा. सौदा मोडला, भाव उतरला, प्लांट बंद केला, जे झालं ते.

ज्यांनी रजिस्टर्ड व्हॅल्युअरसाठी, म्हणजे किंमत काढायची सरकारी नोंदणी मिळवण्यासाठी, २०१७ च्या नियमांप्रमाणे ५० तासांचा कोर्स करून परीक्षा दिलीये, त्यांनी ते वाया गेलं असं समजू नका, उद्या स्वतःची प्रॅक्टिस काढायची झाली तर तेच उपयोगी पडेल.

पगार कमी होणार, ते धरूनच चला, पण मुंबईचं भाडं वजा करून मगच तुलना करा. आणि राजीनामा एप्रिल-मेमध्ये टाकू नका, तेव्हा मार्चएंडच्या ऑडिटचे फोन चालू असतात, मॅनेजर सोडणार नाही आणि जाताना तोंडं वाकडी होतील. नोटीस बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांची असते, ती धरून नवीन ठिकाणी तारीख द्या.