थेरपी अर्ध्यावर सुटू नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

लष्करी सेवेतून बाहेर पडलेला माणूस आघातावरच्या थेरपीला तयार झाला, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या बैठकीच्या सुमारास ‘आज जमणार नाही’, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ सुरू होतं आणि मग फोन उचलणंच थांबतं. त्याला बरंच व्हायचं नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका. आठवणीपासून पळणं हे पीटीएसडीचं, म्हणजे भीषण प्रसंगानंतर मनाला जडणाऱ्या ताणाच्या आजाराचं, मूळ लक्षण आहे आणि थेरपी नेमकी त्या आठवणीपाशी घेऊन जाते. दांडी मारणं हा आजाराचाच भाग आहे, म्हणून तिची तयारी पहिल्याच दिवशी करायची. थेरपिस्टने सरळ विचारावं, ‘सोडून द्यावंसं वाटलं तर मला कसं कळेल? तेव्हा मी काय करू?’ उत्तर लिहून ठेवावं. बैठक चुकली, तर त्याच दिवशी फोन करावा.

प्रोलाँग्ड एक्स्पोजर या पद्धतीत साधारण 8 ते 15 बैठका असतात, बहुतेकदा दीड-दीड तासाच्या. सर्वांत त्रास देणारा प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, मोठ्याने सांगायचा. त्याचं रेकॉर्डिंग रोज घरी ऐकायचं. गाडी घसरते ती बहुधा इथेच. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून ऐकलं, तर झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला हात लावावासा वाटत नाही. म्हणून दिवसाउजेडी, ठरलेल्या वेळी, बसून ऐका. गाडी चालवताना नको, दारू घेऊन तर नकोच. सर्वांत कठीण जागी बटण दाबून थांबवू नका. थांबवलं की मनाला वाटतं, ‘बंद केलं म्हणून वाचलो’, आणि भीती आणखी पक्की होते.

दुसरा गृहपाठ टाळलेल्या जागांचा. गर्दीच्या दुकानात जायचं, अस्वस्थतेला 0 ते 100 मध्ये आकडा द्यायचा आणि तो बऱ्यापैकी उतरेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, तिथेच राहायचं. सुरुवात 40-50च्या जागेपासून करा. थेट 90वर उडी मारणारे बहुधा पळून येतात. एक बारकावा सहज सुटतो. माणूस दुकानात गेला, पण भिंतीला पाठ लावून, दारावर नजर ठेवून, बायकोचा हात धरून उभा राहिला, तर जाऊनही तो गेला नाही. या सवयी एकेक करून सोडायच्या.

दुसरी पद्धत कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, साधारण 12 बैठकांची. तिच्यात ‘माझ्यामुळे तो गेला’ यासारखे अडकलेले विचार कागदावर मांडून तपासतात. सैनिकांच्या बाबतीत भीतीपेक्षा अपराधीपणाच जड असू शकतो. अशा वेळी घाईने ‘तुमची चूक नव्हती’ म्हटलं, की माणूस मिटतो; त्याला वाटतं, याला काही कळलेलंच नाही. त्यापेक्षा त्या क्षणी काय माहीत होतं, हातात किती सेकंद होते, दुसरे पर्याय कोणते होते, हे शांतपणे विचारावं. आणि खरोखर चूक घडली असेल, तर ती नाकारून चालत नाही. तिच्यासह पुढे कसं जगायचं, हे काम वेगळं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत काहींची दुःस्वप्नं वाढतात, चिडचिड होते. हे आधी सांगितलेलं असेल, तर माणूस घाबरून पळत नाही. पीसीएल-5 ही पीटीएसडीची लक्षणं किती त्रास देतात हे मोजणारी 20 प्रश्नांची यादी दर आठवड्याला भरून घ्यावी. एकूण गुण 80. साधारण 10 गुणांची घट म्हणजे खरा फरक. ही घट त्याला कागदावर दाखवा, कारण बदल ज्याचा त्याला सर्वांत उशिरा जाणवतो. निम्म्या बैठका होऊनही आकडा जागचा हलला नाही, तर पद्धत किंवा औषधं बदलण्याविषयी बोलायला हवं.

आठवड्यातून एकदाच बैठक हवी, असंही नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी सैनिकांना प्रोलाँग्ड एक्स्पोजरच्या 10 बैठका 2 आठवड्यांत दिल्या, आणि त्या 8 आठवड्यांत दिल्यापेक्षा कमी परिणामकारक ठरल्या नाहीत. नोकरीमुळे खंड पडणाऱ्यांनी हा पर्याय विचारावा. प्रवास अडत असेल, तर व्हिडिओवरही ही थेरपी होते.

आता घरच्यांसाठी. त्याच्याऐवजी बाजार करणं, पाहुण्यांना परत पाठवणं हे प्रेमापोटीच होतं, पण त्याने टाळाटाळीला घर मिळतं. त्याच्याशी ठरवून, हळूहळू कमी करा. ‘आज काय सांगितलंस?’ हे विचारू नका. ‘रेकॉर्डिंग किती वाजता ऐकणार? तेवढा वेळ मुलांना मी बाहेर नेते,’ एवढं पुरे. मरणाची भाषा निघाली, तर मात्र पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. घरातलं हत्यार आणि साठवलेल्या गोळ्या हलवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तातडीची मदत घ्या.

आणि ज्यांची थेरपी सुटली आहे त्यांना: परत जाता येतं. जाताना शेवटचा भरलेला कागद सोबत न्या आणि कुठल्या जागी थांबलात, तेवढं सांगा. पुढची बैठक तिथूनच सुरू करता येते.