स्वस्तातली ग्रीक नाणी: चित्र नंतर, आधी कड बघा

नमस्कार मंडळी! "प्राचीन ग्रीक नाणी जमवायची आहेत, पण बजेट कमी आहे, सुरुवात कुठून करू?" ही कमेंट आता प्रत्येक व्हिडिओखाली येते. तर आज तेच.

अथेन्सचं घुबड तूर्तास विसरा. साधारण १७.२ ग्रॅम चांदीचं ते नाणं सगळ्यांनाच हवं असतं, म्हणून महाग, आणि म्हणून त्याच्या नकलाही भरपूर. सुरुवात कांशाच्या नाण्यांनी करा. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचं घ्या: पुढे अपोलोचं डोकं, मागे घोडेस्वार. त्याच्या मुलाचं, म्हणजे सिकंदराचं: पुढे सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीज, मागे धनुष्याचा भाता आणि गदा. सिसिलीतल्या सिराक्यूजच्या दुसऱ्या हिएरॉनचं: पुढे समुद्रदेव पोसायडन, मागे त्रिशूळ. नाव वाचता येईल अशी मध्यम प्रत युरोपातल्या लिलावात साधारण ३० ते ६० युरोंत मिळते. बोली लावताना लिलावगृहाचं २० टक्क्यांच्या आसपासचं कमिशन आणि टपालखर्च आधी धरा, नाहीतर ४० चं नाणं ७० ला पडतं. चांदीच हवी असेल तर युबिया या ग्रीक बेटावरच्या हिस्टियाइया शहराचं दोनेक ग्रॅमचं छोटं नाणं बघा. झालं. कोणतं घ्यायचं हे सोपं आहे.

अवघड आहे ते खरं-खोटं. रोज मला नाण्याच्या चेहऱ्याचा एक फोटो येतो आणि खाली "सर, ओरिजिनल आहे का?" अहो, चेहरा तर नकलेतही छान येतो, खऱ्यावरूनच साचा घेतलेला असतो ना! चित्र नको, चकती बघा.

ही नाणी कशी बनत? धातूची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. एका ठशातून हजारो नाणी निघत, त्यामुळे दोन नाण्यांवर केसाची बट न् बट जुळली तर घाबरू नका, ठसा एकच आहे. पण चकतीचा आकार जुळता कामा नये. हाताने थापलेल्या दोन भाकऱ्यांची कड कधी सारखी येते का? जुन्या लिलावांच्या फोटोंशी ताडून बघा. तीच कड, तीच भेग, चित्र त्याच बाजूला सरकलेलं, असं दुसरं नाणं सापडलं तर दोघांपैकी निदान एक ओतीव नक्कल आहे.

आता तीच चकती भिंगाखाली. घावाने फाटलेली भेग खोल जाते, तिचे काठ खरखरीत असतात. ओतलेल्या नकलेत भेगेचीही नक्कल होते, पण ती उथळ, मऊ काठांची, तळाशी बुजलेली. कडेला साच्याची शिवण किंवा ती लपवायला फिरवलेल्या कानशीचे ओरखडे दिसतात, आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे. म्हणून विकणाऱ्याकडे कडेचा फोटो मागा. देत नसेल तर नाणं सोडा.

आणि तीच चकती काट्यावर. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. सिकंदराच्या चांदीच्या द्राख्माचं (हे ग्रीकांचं चांदीचं नेहमीचं नाणं) वजन ४.३ ग्रॅमच्या आसपास असतं. फार झिजलेलं नसताना ३.५ भरलं, तर आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असू शकतो. अशी बनावट तेव्हाही होत होती. पण हा नियम कांशाला लावू नका! "माझा फिलिप ५.८ ग्रॅम, यादीत ६.५, फसलो का?" नाही हो. कांशाचं नाणं धातूच्या किमतीवर चालत नव्हतं, त्यामुळे एकेका चकतीचं वजन काटेकोर राखत नसत. उलट, एकाच विक्रेत्याची पाच कांस्य नाणी वजनाला तंतोतंत सारखी निघाली तर तिथून निघा.

एक अपवाद: थ्रेसमधल्या खेर्सोनेसचं मागे वळून बघणाऱ्या सिंहाचं चांदीचं नाणं. स्वस्त आणि देखणं. पण त्याच्या आधुनिक नकला ठशाने ठोकलेल्याही असतात, तिथे शिवण मिळणारच नाही. जुन्या लिलावातली नोंद असेल तरच घ्या.

घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, भांड्यांची पावडर तर नाहीच. गुळगुळीत हिरवा थर राहू द्या. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो क्लोराइडचा, धातू खात जाणारा रोग आहे. ते नाणं वेगळं काढा आणि कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो फार लवकर वाढतो. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा.

"मिनँडर (भारताच्या वायव्येला राज्य केलेला ग्रीक राजा) चालेल का?" चालेल की, ग्रीक आणि खरोष्ठी दोन्ही लिपी एकाच नाण्यावर मिळतात, आणि चांदीचा द्राख्मा अडीच ग्रॅमच्या आतबाहेर. भारतात घेताना परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घ्या. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, त्यामुळे दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या भावाला ते भेट म्हणून पाठवता येणार नाही.