उधारी कुणाची?

पत्रिकेत विषय छापलाय, ‘महासाथीनंतर लहान मुलांत गंभीर जिवाणू-संसर्ग का वाढले?’ त्यावर येतोच. पण आधी एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

‘इम्युनिटी डेट’, म्हणजे प्रतिकारशक्तीची उधारी. 2021 साली फ्रान्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी हा शब्द मांडला तो समाजाबद्दल. बरीच मुलं एकदम जंतूंना नवखी राहिली, एवढंच. बातम्यांत येईपर्यंत त्याची प्रत्येक पोराच्या नावावरची उधारी झाली. मुलं घरात बसून मऊ पडली म्हणे! अहो, प्रतिकारशक्ती म्हणजे काय दंडाची बेटकुळी आहे, जोर मारले नाहीत म्हणून उतरायला? एका आजोबांनी मला विचारलं, नातवाला थोडी माती चाटवू का? म्हटलं, आधी तुम्ही चाटून बघा. (हशा) हसू नका, ते खरंच विचारत होते.

या शब्दाचा मला राग का, तर तो माझ्याही डोक्यात शिरला होता. चार वर्षांचा मुलगा, कांजिण्यांचा पाचवा दिवस. ताप उतरला होता, तो पुन्हा चढला. ‘यंदा सगळ्यांचंच असं चाललंय, दोन वर्षांची उधारी फिटतेय,’ असं म्हणून मी चिठ्ठी लिहायला घेतली. आई खुर्चीवरून उठेना. म्हणाली, ‘डॉक्टर, हा रडत नाहीये, कण्हतोय. आणि पाय टेकत नाही.’ पायजमा वर केला. नडगीवर एक फुटलेला फोड, भोवती रुपयाएवढी लाली. दिसायला काहीच नाही. पण लालीच्या बाहेर, चांगल्या दिसणाऱ्या कातडीला बोट लावलं आणि पोर किंचाळलं. दिसतंय त्याहून दुखणं कितीतरी जास्त! हे पुस्तकात वाचलेलं होतं, पाठ होतं, आणि तरी मी चिठ्ठी लिहीत होतो. बॉलपेनने लालीची कड आखली. तासाभरात लाली रेषेच्या दोन बोटं पलीकडे. ग्रुप ए स्ट्रेप, म्हणजे एरवी घशात किंवा कातडीवर राहणारा जिवाणू, स्नायूंवरच्या आवरणापर्यंत उतरलेला. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मुलगा वाचला. त्याचं श्रेय त्या खुर्चीला चिकटून बसलेल्या बाईचं.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. (हशा) बरं, मूळ विषय.

डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कळवलं की ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स आणि स्वीडन इथे ग्रुप ए स्ट्रेपचे गंभीर, म्हणजे रक्तात किंवा खोल ऊतींत शिरलेले संसर्ग वाढलेत, आणि त्यांत दहा वर्षांखालची मुलं जास्त आहेत. कारण एक नाही. पहिलं, एरवी दरवर्षी थोड्या थोड्या मुलांना हा जंतू पहिल्यांदा भेटतो; या वेळी दोन-तीन वर्षांत राहून गेलेल्या सगळ्यांना एकदम भेटला. मुलं तितकीच धट्टीकट्टी, फक्त नवखी जास्त.

दुसरं कारण मला सगळ्यात पटतं, ते म्हणजे विषाणू परतले. फ्लू आणि आरएसव्ही हा लहान मुलांच्या छातीत उतरणारा विषाणू श्वसनमार्गाचं अस्तर खरवडतात, कांजिण्या कातडी उघडी पाडतात, आणि नाकाघशात निवांत बसलेला जिवाणू आत शिरतो. इस्रायलमधल्या अभ्यासात महासाथीच्या काळात मुलांच्या नाकातला न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनिया करणारा जिवाणू, जवळजवळ तेवढाच राहिला, आजार मात्र खूप घटले. जिवाणू जागेवरच होता, दार उघडणारे विषाणू गायब होते. ते परतल्यावर काय होणार, हे ओळखायला ज्योतिषी नको.

तिसरं, एम1यूके नावाचा स्ट्रेपचा प्रकार, स्कार्लेट फीवरचं, म्हणजे अंगावर लाल पुरळ आणणाऱ्या तापाचं, विष जास्त बनवणारा. त्याचं वर्णन 2019 मध्येच छापून आलंय, म्हणजे महासाथीआधी. तेव्हा सगळं खापर टाळेबंदीवर फोडू नका.

पेनिसिलिन या जंतूवर अजून चालतं, उशीर मात्र चालत नाही. लस? याच्यावर अजून नाही. कांजिण्यांवर आहे, फ्लूवर आहे, त्या घ्या. दार तिथूनच उघडतं. बावीस स्लाइड्स आणल्या होत्या, तीनच झाल्या. दुसरी चिठ्ठी यायच्या आत माइक देतो.