पडायचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या तालुक्यात सिव्हिल इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळींची एक संघटना आहे. मी आधी तिचा सेक्रेटरी होतो, पुढे अध्यक्ष झालो. अशी संघटना नेमकं करते काय, हे माझ्या सख्ख्या मेहुण्यानेही मला विचारलंय. त्याची समजूत अशी की वर्षातून एक सहल, एक स्नेहभोजन आणि अधूनमधून एकमेकांना शाल-श्रीफळ. होतं तेही, खोटं कशाला बोलू? शाल-श्रीफळाबद्दल माझं मत वाईट आहे. घरातलं एक कपाट शालींनी भरलंय आणि थंडीत पांघरावी अशी त्यात एक नाही. असो.

खरं काम निराळं. घर कसं बांधावं याचे नियम आपल्याकडे नीट लिहून ठेवलेले आहेत. नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे राष्ट्रीय बांधकाम संहिता, १९७० साली आली. मग १९८३, २००५ आणि २०१६ साली सुधारली गेली. भूकंपाचं मानक, आयएस १८९३, त्याहून जुनं, १९६२ सालचं. पण संहिता ही शिफारस असते. राज्य किंवा नगरपालिका आपल्या नियमावलीत ती घेते, तेव्हा तिला कायद्याचं बळ येतं. आणि तेव्हाही ती असते कचेरीतल्या कपाटात. घर बांधलं जातं उन्हात, माळावर, मिस्त्रीच्या हातानं. कपाटापासून माळापर्यंतची वाट तुडवायला आमची संघटना.

आमचा पट्टा कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तारखेसकट आठवते. त्यामुळे आमच्याकडे भूकंप म्हटलं की कुणी हसत नाही. किल्लारीकडे तसं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ ला ती गावं जमीनदोस्त झाली, तेव्हा भूकंपाच्या नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, पहिल्या झोनमध्ये होता. २००२ साली तो पहिला झोन नकाशातूनच काढून टाकला. तेव्हा दोन ते पाच एवढेच झोन उरले. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे धाब्याच्या छपराच्या, मातीखाली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती. बाहेरचा दगडाचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना एकत्र धरणारा लांब दगड कुठे नाही. थर सुटले, भिंत फुगली, कोसळली.

आता मला जो किस्सा सांगायचाय तो भूजच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यातला. कार्यक्रमाच्या बाईंनी मघाशीच बजावलंय की किस्सा थोडक्यात सांगा. बघू.

२६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं. दोनशेच्या वर किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत, खाली पार्किंगसाठी मोकळा तळमजला सोडलेल्या इमारती बसल्या. पेपरात फोटो आले, लोक घाबरले. आम्ही ठरवलं की यंदाच्या कृषी प्रदर्शनात संघटनेचा स्टॉल लावायचा. भाषणं नकोत, लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कमरेएवढी दोन छोटी घरं बांधायची, विटा चौथाई आकाराच्या, जोडाई मातीची. एक साधं. दुसऱ्याला आडवे पट्टे, म्हणजे सळई घालून चारी भिंतींवरून सलग फिरवलेले थर: जोत्याला एक, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर एक, छपराखाली एक. दोन्ही एकाच लोखंडी गाड्यावर ठेवायची आणि गाडा हलवायचा. साधं पडेल, पट्टेवालं उभं राहील. झालं शिक्षण!

गाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. हलवायला मोटर हवी होती. आमच्या शेजारच्या स्टॉलवर कडबाकुट्टी विकायला होती. त्या गृहस्थांनी मोटर दिली, पट्टा दिला आणि न मागता भरपूर सल्लाही दिला.

घरं बांधायला आम्ही एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. सगळा तालुका त्यांना तात्या म्हणायचा. ओळंबा लावायच्या आधीच त्यांना भिंतीचा कल कळायचा. मी त्यांना कागद दाखवला, समजावून सांगितलं. "तात्या, हे घर टिकलं पाहिजे. आणि हे पडलं पाहिजे." तात्यांनी कागद उलटा-सुलटा केला. म्हणाले, "सायेब, पडायचं घर बांधायला मला बोलावलं व्हय?" मी म्हटलं, लोकांच्या भल्यासाठी आहे. ते काही बोलले नाहीत. तंबाखू मळली आणि कामाला लागले.

प्रदर्शनाचा दिवस. तहसीलदार आलेले, मांडवात ही गर्दी. मी माइकवरून तयारीनिशी सांगितलं: मंडळी, आता बघा, डावीकडचं घर पडणार. मोटर सुरू. गाडा खडखडायला लागला. पट्टेवालं घर उभं. साधं घर... तेही उभं! थोडी माती झडली, एक भेग गेली, बस. मिनिट गेलं. तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग पट्ट्याचा फायदा काय?" मांडव हसायला लागला. कडबाकुट्टीवाला मदतीला धावला, "साहेब, मोठी पुली लावू का?" लावली. आता गाडा असा उधळला की माझ्याच छातीत धडधड. डाव्या घराचा एका कोपऱ्यातला गिलावा ढपलीसारखा निघाला, आणि आत काय चमकलं? तार! चांगली जाड जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार. कोपऱ्यात काटकोनात वाकवून दोन्ही भिंतींत घातलेली, आणि दाराच्या डोक्यावरून घराला चारी बाजूंनी करदोट्यासारखी फिरवलेली.

मोटर बंद केली. तात्या गर्दीत मागे उभे होते, टोपी हातात. सगळ्यांची तोंडं तिकडे वळली. मी काही बोलायच्या आत आमच्या एका तरुण सभासदाने त्यांच्या हातात माइक दिला. तात्यांना माइकची सवय नाही. तो त्यांनी थापीसारखा धरला आणि म्हणाले, "ह्यांनी सांगितलं एक घर पडाया पायजे. पर बांधलं मी. उद्या गावात म्हनतील, तात्याचं घर पडलं. मग माज्या पोराला काम कोन दील?"

टाळ्या पडल्या. तहसीलदारांनी विचारलं, ही तार घालायचं कुणी शिकवलं? तात्या म्हणाले, "सदुसष्टला आमचं घर कोपऱ्यातनं उसवलं. आदी कोपरा फाटला, मग भिंत भायेर गेली. तवापासनं मी कोपरा मोकळा सोडत न्हाय."

श्रोतेहो, आयएस ४३२६ नावाचं मानक आहे, भूकंपरोधक बांधकामाचं. विटांच्या घरांबद्दल त्याचं अर्धंअधिक म्हणणं हेच आहे. चार भिंतींची एक पेटी करा. कोपरे बांधा, पट्टे फिरवा. पुन्हा सांगतो, ऐकण्यात निसटतं म्हणून: जोत्याला पट्टा, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर पट्टा, छपराखाली पट्टा, आणि कोपरे बांधलेले. कोपऱ्यात पट्ट्याची सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या टेबलावरची छापील पत्रकं तशीच पडून होती आणि तात्यांभोवती घोळका. बायका विचारत होत्या, आमच्या जुन्या घराला आता काय करता येईल? तात्या काडीने मातीत आकृत्या काढून दाखवत होते.

पुढच्या मासिक सभेत मी ठराव मांडला की दर महिन्याच्या व्याख्यानाला मिस्त्री, सेंट्रिंगवाले, सळई वाकवणारे फिटर यांनाही बोलवायचं. काय वादळ उठलं! "ही इंजिनिअरांची संघटना आहे की गवंड्यांची?" एक ज्येष्ठ सभासद तर खुर्ची सरकवून निघून गेले. चहा यायचा होता म्हणून परत आले. ठराव थोड्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. पत्रकही नव्याने केलं, तात्यांच्या बोलीत आणि मातीतल्या त्या आकृत्यांसकट. माझं शुद्धलेखनाचं वेड मी त्यापुरतं बाजूला ठेवलं. मात्र दुकानांच्या पाट्यांवरचं ऱ्हस्व-दीर्घ बघून माझा रक्तदाब आजही वाढतो.

अध्यक्षाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट वेगळीच. नियम लावून धरणारा सभासद काम गमावतो. घरमालक म्हणतो, तुम्ही सळई जास्त लावता, पलीकडचे साहेब कमीत करून देतात. पलीकडचे साहेबही आमचेच सभासद! अशा वेळी सभेत सगळ्यांसमोर बोलावं लागतं, आणि पुढच्या निवडणुकीत त्याची किंमत मोजावी लागते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या लहान घरांची कागदपत्रं तिने सोपी केली. चांगलं झालं, हेलपाटे वाचले. पण कचेरीतली तपासणी कमी झाली की ज्याची सही आहे त्याच्यावर भार येतो. साइटवर पाऊल न टाकता सही देणारे आहेत, आमच्यातही आहेत. त्यांच्याशी भांडण हेच आता संघटनेचं मुख्य काम आहे, असं मला वाटतं. सध्याच्या कार्यकारिणीला तसं वाटत नाही. त्यांनी सहलीची जागा निवडायला उपसमिती नेमली आहे.

बाईंनी काचेपलीकडून खूण केली, वेळ संपत आला. मोकळ्या पार्किंगबद्दल, वाळूबद्दल बोलायचं राहिलंच. अंगणभर पेव्हर ब्लॉक घालून पावसाचं पाणी रस्त्यावर ढकलणाऱ्यांनाही दोन शब्द सुनवायचे होते, ते पुन्हा कधीतरी.

ज्यांचं घर सध्या चालू आहे, त्यांनी एवढं करा. कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्या, बघा. रिंगेची दोन्ही टोकं आतल्या बाजूला पूर्ण वळलेली हवीत, एकशे पस्तीस अंशात. नुसती काटकोनात वाकवून सोडलेली रिंग हादऱ्यात उघडते. विटांचं घर असेल तर तीन पट्टे: जोतं, दारा-खिडक्यांचं डोकं, छप्पर. दगडाचं असेल तर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, उंचीला दर दोन फुटांवर, आडवे चार-चार फुटांवर. कोपरे बांधलेले. आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी, सळई उघडी असताना, ज्यांची नकाशावर सही आहे त्यांना फोन करून साइटवर बोलवा. फी दिलीय तुम्ही. यायला नको म्हणाले, तर आमच्या संघटनेच्या कार्यालयात या, शनिवारी संध्याकाळी कुणी ना कुणी असतं. पत्रक फुकट मिळेल. तात्यांचा मुलगाही असतो बऱ्याचदा, आता तोच मिस्त्र्यांचे वर्ग घेतो.

नमस्कार.