ॲपमधला तंबोरा कुणी बनवला?

(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मराठी कला आणि नवे उद्योजक’ असा विषय छापला आहे. पण गेल्या रविवारी आपल्या मुलांच्या गाण्याच्या वर्गात एक प्रश्न निघाला आणि तेव्हापासून डोक्यात तोच घोळतो आहे. बाईंनी नेहमीप्रमाणे फोनवर तंबोरा सुरू केला, पट्टी (म्हणजे गाण्याचा मूळ सूर) काळी चार, मुलांनी सा लावला. मधल्या सुट्टीत नऊ वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, “हा ॲपमधला तंबोरा कुणी बनवला?” शेजारचा मुलगा म्हणाला, “प्रोग्रॅमरने.” ती म्हणाली, “ॲप नाही. तंबोरा.”

तिचं बरोबर आहे. चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचा आवाज मुद्रित करून घातलेला असतो. म्हणजे कुठेतरी एक भोपळा होता, तारा जिच्यावर टेकतात ती एक घोडी होती, आणि त्या घोडीवर कुणीतरी दिवसभर बसून कानस चालवली होती. तो माणूस मिरजेचा असण्याची शक्यता भरपूर आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी मिरज जंक्शनला गाडी बदलली आहे, उरलेल्यांचं आजोळ तिकडे आहे. उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्रभर गाणं ऐकलेले लोकही या सभागृहात आहेत. पण वाद्यं घडवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत जाऊन आलेले किती, असं मघाशी विचारलं तर तीन हात वर झाले.

तिथली वाद्यं घडवणारे शिकलगार हे मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया थांबल्या, संस्थानांची फौज आटली आणि धारेचं काम बसलं. त्याच शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेत तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गवय्यांना आश्रय दिला, त्यामुळे गिऱ्हाईक दारात होतं. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं राजवाड्यातून शाळेत आलं, आणि एकेका वर्गाला तंबोरे लागू लागले. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेतच घर केलं. एका गावात गाणारा, शिकणारा आणि वाद्य घडवणारा हाकेच्या अंतरावर होते, म्हणून हा धंदा उभा राहिला. नुसत्या हातातल्या कसबावर तो उभा राहिला नसता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

आता तंबोरा कसा होतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण त्या मुलीला हेच हवं होतं.

भोपळा सोलापूर जिल्ह्यातून येतो, पंढरपूर-मंगळवेढा भागातून. हा खाण्याचा नव्हे, कडू भोपळा. शेतकरी तो वेलावर पुरता वाढू देतो आणि मग वाळवतो. कारागीर घेर मोजून निवडतो. लेडीज तंबोऱ्याला लहान, जेंट्स तंबोऱ्याला ५० इंचांच्या पुढचा. कातडी सगळीकडे सारख्या जाडीची लागते. एका बाजूला पातळ निघाली तर दोन-तीन वर्षांत तिथेच भेग पडते. तोंड कापून भोपळा पाण्यात भिजवतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि ओला असतानाच आत काठ्यांचे टेकू देऊन आकार ताणून धरतात. तसाच तो पुन्हा वाळतो. इथे घाई केली की नंतर आकार आत ओढला जातो आणि वर बसवलेली तबली, म्हणजे तोंडावरची लाकडी फळी, सुटते.

तबलीला आणि दांडीला तुणाचं लाकूड. हलकं, तांबूस, मुरलेलं असेल तर आवाज मोकळा देतं. दांडी आतून पोकळ असते. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गळा हा या वाद्याचा सगळ्यात नाजूक सांधा, सगळ्या तारांचा ताण तिथे येतो. मग नक्षी, मग पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं हातावर हात देत जायचं. पावसाळ्यात हवेतला ओलावा पॉलिशखाली अडकतो आणि त्यावर पांढुरका पडदा येतो. म्हणून आषाढात फोन करून “गणपतीच्या आत पाठवा” म्हणणं म्हणजे त्या माणसाला खराब काम करायला भाग पाडणं. आपण हे दर वर्षी करतो.

आणि शेवटी जवारी, म्हणजे तारेचा झंकार उघडेल अशी घोडी घासणं. तंबोरा इथे तंबोरा होतो. घोडीचा वरचा भाग लांबून सपाट दिसतो. जवळून, उजेडात तिरका धरून पाहा. त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर हळूहळू टेकते आणि कंप पावताना पुन्हा पुन्हा त्याला शिवते. त्या शिवण्यातून एका स्वरात दडलेले वरचे स्वर एकामागून एक झंकारतात. उतार जास्त झाला तर आवाज बंद होतो, लाकडावर ठोकल्यासारखा. कमी राहिला तर तार नुसती खरखरते. कारागीर कानशीचे दोन हात मारतो, तार चढवतो, छेडतो, कान लावतो, तार उतरवतो, पुन्हा दोन हात. चारही तारांचं हे निरनिराळं करायचं असतं: पंचम, जोडीच्या दोन तारा आणि पितळी खर्ज. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत ती जागा शोधायची, जिथे झंकार उघडतो. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की गेला. याला माप नाही, कानच लागतो, आणि तो कान तयार व्हायला वर्षं जातात. काळी एकची जवारी काळी चारला नीट बोलत नाही, म्हणून पट्टी आधी सांगावी लागते. वाजवून वाजवून तारांच्या रेघा घोडीत उतरतात, आवाज बसतो, आणि काही वर्षांनी जवारी पुन्हा काढावी लागते. जवारी काढणारा नसेल तर उत्तम तंबोराही भिंतीला टेकलेलं शोभेचं लाकूड होतो.

ॲपमध्ये हे सगळं एकदाच मुद्रित झालं आणि लाखो फोनवर वाजतं आहे. कानस चालवणाऱ्याला त्याचं काय मिळालं, हा त्या मुलीच्या प्रश्नातला खरा प्रश्न.

माझं ॲपशी भांडण नाही. प्रवासात, वर्गात, लहान घरात त्याचा उपयोग आहे. त्याआधी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आली होती, तिनंही अनेकांची सोय केली. पण सोय ज्याच्या कामावर उभी आहे त्याला आपण हिशेबातून वगळलं, हे मनाला लागतं.

आता राजकारणाकडे येतो. संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, ते योग्यच झालं. पण राजाची जागा घेणारं गिऱ्हाईक लोकशाहीत आपण उभं केलं नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा आपल्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं फिरली, मीही आनंदलो. मात्र मानांकन काय करतं हे समजून घेऊ या. दुसऱ्या गावचा माल ‘मिरजेचा’ म्हणून विकता येत नाही, एवढं संरक्षण ते देतं. तेही दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून. ते गिऱ्हाईक आणत नाही, मजुरी वाढवत नाही आणि नवा शिकाऊ पोरगा बाकावर बसवत नाही.

२०२३ मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय, अवजारांसाठी १५ हजार, पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज. त्या अठरांच्या यादीत अस्त्रं घडवणारा आहे, सुतार आहे. वाद्य घडवणारा असा स्वतंत्र व्यवसाय नाही. म्हणजे शिकलगारांच्या खापरपणजोबाचा धंदा यादीत सापडतो आणि नातवाचा सापडत नाही. हे कुणी दुष्टपणानं केलेलं नाही. या घरांची मतं मोजकी, मोर्चा निघत नाही, आणि विधानसभेत कुणाला आठवण होत नाही.

मोर्चा निघाला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच विषयात आहे. शिसवीच्या जातीची सगळी झाडं २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमनात आली. जंगलासाठी ते गरजेचं होतं. पण शिसवी खुंट्यांची वाद्यं विक्रीसाठी बाहेर पाठवायची तर कागदपत्रांचा डोंगर उभा राहिला. गिटारवाले, व्हायोलिनवाले, मोठमोठे ऑर्केस्ट्रा एकत्र आले, बाजू मांडली, आणि २०१९ मध्ये त्याच नियमनाच्या जिनिव्हातल्या बैठकीत तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या सुटीचा फायदा मिरजेलाही झाला. पण ती मागायला मराठी माणूस किती पुढे होता? आपण ना गटात होतो ना ठरावात.

आणि आपल्याकडचे नेते इकडच्या दौऱ्यावर आले की आपण काय करतो? शाल, श्रीफळ, रांगेनं फोटो. पुढच्या वेळी फोटोच्या आधी एक कागद हातात देऊ या: विश्वकर्माच्या यादीत वाद्यकारागीर घाला. एका ओळीची मागणी आहे.

लोकप्रिय संस्कृतीचंही बोललं पाहिजे. गावाकडे गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात. वर्गणीदारांचे फ्लेक्स लागतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं कानात बोळे घालून बसतात. आपण इथून व्हिडिओ बघून हळहळतो. पण आपलं अंदाजपत्रक काढून पाहा. मोठा पैसा एका रात्रीच्या तारांकित कार्यक्रमाला जातो, आणि आपल्यातलीच जी मुलगी पैठणीच्या काठावरून दागिने घडवते, जो तरुण मोडी लिपीची अक्षरं काढतो, त्यांना आपण सांगतो, “टेबल फुकट देतो, तुमची जाहिरात होईल.” जाहिरातीवर घरभाडं भरता येत नाही, मंडळी. त्यांच्याकडून वस्तू विकत घ्यावी, घासाघीस करू नये, आणि काम सांगितलं तर विसार आधी द्यावा.

विसाराचा विषय निघालाच आहे, तर तंबोरा मागवायचा असेल त्यांनी हे लिहून घ्या. निदान सहा महिने आधी सांगा. अर्धी रक्कम आधी द्या, कारण भोपळा आणि लाकूड कारागीर रोखीनं घेतो. गाणारा कोण, पट्टी कोणती, हे स्पष्ट कळवा. “कुठलाही चालेल” असं म्हणू नका. घोडी कशाची आहे ते बिलावर लिहून घ्या. हस्तिदंत आणि सांबरशिंग कायद्यानं बंद आहेत, उंटाचं हाड असेल तर तसे शब्द हवेत, नाहीतर कस्टमवाला पांढरं काही दिसलं की पेटी अडवतो. पाठवताना तारा सैल करायला सांगा, अगदी काढून टाकायला नको. भोपळ्याच्या पाठीमागे पेटीत पोकळी राहता कामा नये, धक्का तिथेच बसतो.

इथे आल्यावर खरा शत्रू हिवाळा. हीटर चालू झाला की घरातली हवा कोरडी होते, भोपळा आणि तबली वेगवेगळ्या वेगानं आक्रसतात आणि जोडावर केसासारखी भेग येते. आधी ती दिसत नाही, ऐकू येते. खर्ज छेडला की मागून बारीक चर्र असा आवाज. खोलीतली आर्द्रता ४० ते ५५ टक्के ठेवा, हीटरपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, गाडीच्या डिकीत रात्रभर तर कधीच नको. भेग पडलीच तर इथला व्हायोलिन दुरुस्त करणारा जोड नीट चिकटवून देईल. पण घोडीला त्याला हात लावू देऊ नका. तो दिसायला खडबडीत भाग गुळगुळीत करेल, आणि जवारी संपली.

जवारीसाठी माझी मंडळाकडे एक मागणी आहे. उन्हाळ्यात महिनाभरासाठी मिरजेहून एक कारागीर बोलवावा. तिकीट, राहणं आणि रोजची मजुरी मंडळानं द्यावी. आसपासच्या शहरांतली सगळी आजारी वाद्यं त्या महिन्यात इथे आणावीत. त्याला मंचावर बसवून सत्कार करण्यापेक्षा खाली सतरंजीवर चांगल्या उजेडात बसवावं आणि मुलांनी भोवती बसून पाहावं. तारांकित रात्रीपेक्षा खर्च कमीच येईल.

पण एक काळजी राहते, आणि ती मी लपवत नाही. आपण डॉलरमध्ये मागणी वाढवली तर चांगली वाद्यं सगळी इकडे येतील. मग मिरजेतल्या, विट्यातल्या, कराडातल्या साध्या घरातून गाणं शिकणाऱ्या पोरीला तंबोरा परवडेल का? तिलाही शेवटी फोनच धरावा लागेल का? आणि आपल्या दिवाणखान्यात आलेला तंबोरा रोज छेडला जाईल, की पाहुण्यांना दाखवला जाईल?

त्या मुलीला मी रविवारी सांगितलं की शोधून सांगतो. ॲप उघडलं, ज्यांनी ते लिहिलं त्यांची नावं होती. आवाज कुणाच्या वाद्याचा, ते वाद्य कुणी घडवलं, हे कुठेच नव्हतं. येत्या रविवारी ती पुन्हा विचारणार आहे.