शिक्षा कोणत्या तारखेची?

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, जुलै 2024 मध्ये एक गृहस्थ माझ्याकडे आले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एबी रोडवर ट्रकने त्यांच्या मुलाला उडवलं होतं. एफआयआरची प्रत टेबलावर ठेवून ते म्हणाले, ‘वकीलसाहेब, पेपरात वाचलं, आता पाच वर्षं होतात. मग इथे जुनं कलम का? माझा मुलगा आठ दिवसांनी गेला असता, तर चाललं असतं का?’

उत्तर माहीत होतं, पण तोंडातून निघेना. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली. तिच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानाच्या 304-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. अपघात जूनमधला, म्हणून शिक्षाही जूनमधलीच. खटला कितीही वर्षं चालो.

संविधानाचा अनुच्छेद 20(1) सांगतो की कृत्य घडलं तेव्हा अमलात असलेला कायदा मोडला असेल तरच दोषी ठरवता येईल, आणि त्या वेळच्या कायद्याने जेवढी शिक्षा देता आली असती, तिच्याहून जास्त देता येणार नाही.

या ‘अमलात असलेला’ शब्दांवरचा मोठा वाद आपल्याच प्रांतातला आहे. मध्य भारतासारखंच विंध्य प्रदेश हे राज्यही 1956 मध्ये मध्य प्रदेशात विलीन झालं. तिथले उद्योगमंत्री राव शिवबहादूर सिंह यांच्यावर एप्रिल 1949 मध्ये पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणीच्या प्रकरणात 25,000 रुपये लाच घेतल्याचा आरोप आला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये एक अध्यादेश निघाला. त्यात लिहिलं होतं, हा कायदा ऑगस्ट 1948 पासूनच अमलात असल्याचं मानण्यात यावं. सप्टेंबरमध्ये लिहिलेला कायदा एप्रिलमध्ये कुणाला कसा कळणार? 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अनुच्छेद 20 ला त्या दिवशी प्रत्यक्षात अमलात असलेला कायदा लागतो. मागाहून ‘होता असं मानलेला’ चालत नाही. या मुद्द्यावर मंत्र्यांची सुटका मात्र झाली नाही, कारण तेच कृत्य तिथल्या आधीच्या कायद्यानेही गुन्हाच होतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. समोर लाचखोरीचा आरोपी मंत्री होता, त्याच्याबद्दल कळवळा कुणाला असणार? तरीही न्यायालयाने आधी तारीख पाहिली.

सौम्य कायद्याची गोष्ट वेगळी. रतनलाल खटल्यात सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षा झाल्यानंतर परिवीक्षा कायदा (चांगल्या वर्तनाच्या हमीवर तुरुंगाऐवजी सोडून देण्याची सोय करणारा) त्याच्या भागात लागू झाला, आणि 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा लाभ त्याला दिला. म्हणजे दया मागे जाऊ शकते, कठोरपणा जाऊ शकत नाही. खटल्याची कार्यपद्धती बदलली तर मात्र ती साधारणपणे जुन्या गुन्ह्यालाही लागू होते. फक्त कार्यपद्धतीच्या नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आधीच सुरू असलेले खटले जुन्याच पद्धतीने चालवण्याची सोय ठेवली आहे.

आणि निर्भया. डिसेंबर 2012 मधला तो अल्पवयीन आरोपी तीन वर्षं सुधारगृहात राहून डिसेंबर 2015 मध्ये सुटला. त्याच आठवड्यात संसदेने कायदा मंजूर केला, की सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकेल. लोक रस्त्यावर होते. मीही संतापलो होतो, आजही त्या मुलीची आठवण आली की पोटात खड्डा पडतो. पण तो कायदा त्या आरोपीला लावता येत नव्हता. त्याला लावला असता, तर उद्या कुणालाही लावता आला असता; कालपर्यंत जे चालत होतं, ते आज गुन्हा ठरवून.

त्या गृहस्थांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. पाणी दिलं, चालानाची, म्हणजे आरोपपत्राची, तारीख सांगितली. ते दर पेशीला येतात, मागच्या बाकावर बसतात. मी सरकारी वकिलांना मदत करतो, आणि आमची मागणी एकच आहे: दोन वर्षांतला एकही दिवस कमी नको.